माळ्यावरची काच, शोकेसमधली चिनी माती

लग्नात आहेर म्हणून आलेला लेमन सेट, लोणच्याची दुरंगी सट, सोनेरी कडेच्या कपबश्या आणि शोकेसमध्ये वर्षानुवर्षे न वापरता ठेवलेली फुलदाणी. १९४० ते १९७० या काळातील अशा वस्तू अनेक मराठी घरांत आजही आहेत. मुंबईच्या चोर बाजारातील मटन स्ट्रीट असो वा पुण्यातील मंगळवार पेठेचा जुना बाजार, घर सजविण्यासाठी अशी जुनी काच शोधणारे ग्राहक तेथे भेटतात. मात्र त्यांची नजर प्रथम जाते ती बेल्जियमच्या हंड्या आणि झुंबरांकडे. महाराष्ट्रात घडलेली काच त्याच दुकानात शेजारी पडलेली असते आणि पुष्कळदा ती ओळखलीच जात नाही.

ही उपेक्षा महागात पडणारी आहे. भंगारात गेलेल्या काचेचा मागमूस राहत नाही. तिचा चुरा होऊन ती पुन्हा भट्टीत जाते, कारण चुरा मिसळल्यास नवा माल कमी उष्णतेत वितळतो आणि इंधन वाचते. एका काळातील काच अशा रीतीने दुसऱ्या काळाच्या बाटल्यांमध्ये विरघळून गेली आहे.

महाराष्ट्रातील काचउद्योगाची कथा वर्गणीच्या पैशातून सुरू होते. प्रत्येकाकडून वर्षाला केवळ एक पैसा जमवून स्वदेशी उद्योग उभारावेत, अशी कल्पना अंताजी दामोदर काळे यांनी मांडली आणि लोकमान्य टिळकांनी तिला पाठिंबा दिला. त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना उभा राहिला. परदेशात शिक्षण घेतलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तेथील सुरुवातीच्या कामाची धुरा वाहिली. पुढे त्यांनी संयुक्त प्रांतात बहजोई येथे काचउद्योग उभारला. तळेगावात तयार झालेले कारागीर देशातील इतर कारखान्यांत गेले. तळेगावच्या मालाइतकेच या कारागिरांचे महत्त्व आहे, किंबहुना काकणभर अधिकच.

पहिल्या महायुद्धात जर्मनी आणि ऑस्ट्रियाकडून येणारी काच थांबली. देशी कारखान्यांना मिळालेल्या या संधीच्या काळातच ओगले बंधूंचा ओगले ग्लास वर्क्स हा कारखाना आकाराला आला. कऱ्हाडजवळ औंध संस्थानच्या पाठबळावर तो वाढला आणि त्याच्याभोवतीची वस्ती ओगलेवाडी म्हणून ओळखली जाऊ लागली. गुरुनाथ प्रभाकर ओगले हे या उद्योगातील तंत्रज्ञ. कारखान्याचा ‘प्रभाकर’ कंदील गावोगाव पोहोचला. प्रभाकर म्हणजे सूर्य, आणि ओगले बंधूंच्या वडिलांचे नावही तेच. दिवेलागणीपूर्वी कंदिलाची काच राखेने पुसून लख्ख करणे, हे वीज येईपर्यंत असंख्य घरांतील मुलांचे नेमाचे काम होते. आता तो कारखाना बंद पडला आहे.

जुना कंदील विकत घेताना म्हणूनच एक गोष्ट पाहावी. त्याची पत्र्याची टाकी आणि तारेचा सांगाडा टिकतो, काच मात्र सर्वांत आधी फुटते. त्यामुळे एखाद्या कंदिलावर मूळची काच आहे की नंतर बसविलेली, हे तिच्यावरील अक्षरांवरून व बसण्याच्या पद्धतीवरून तपासणे आवश्यक ठरते. मूळ काचेसह मिळालेला कंदील आणि काच बदललेला कंदील यांच्या किमतीत फरक असणे रास्तच आहे.

स्वातंत्र्यानंतरचे चित्र वेगळे आहे. १९५० मध्ये कोलकात्यातील जादवपूर येथे केंद्रीय काच व मृत्तिका संशोधन संस्थेचे उद्घाटन झाले. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात परकीय चलनाची चणचण निर्माण झाल्यावर चैनीच्या वस्तूंची आयात जवळपास थांबली. मध्यमवर्गीय शोकेसमध्ये त्यानंतर जे आले, ते प्रामुख्याने देशी होते. त्यात फिरोजाबादची रंगीत काच होती, बडोद्याच्या अलेम्बिकचे ‘येरा’ पेले होते, कोलकात्याच्या बंगाल पॉटरीजच्या कपबश्या होत्या आणि खुर्जाची चिनी मातीची भांडीही होती.

वस्तूचे वय ठरविण्यासाठी ती हातात घेऊन उलटी करावी, हा संग्राहकांचा पहिला नियम. तोंडाने फुंकून केलेल्या काचेच्या तळाशी अनेकदा नळी तोडल्याचा खरबरीत व्रण असतो आणि आतील बुडबुडे लांबट दिसतात. साच्यात दाबून केलेल्या काचेवर जोडाची बारीक रेघ आढळते. साध्या काचेतील हिरवट झाक वाळूतील लोहामुळे येते. ती घालविण्यासाठी पूर्वी मँगनीज वापरीत, आणि अशी काच अनेक वर्षे उन्हात राहिली तर फिकट जांभळी होते. तळावर खऱ्या वापराचे ओरखडे वेडेवाकडे असतात. ते सगळे एकाच दिशेने असतील, तर ती वस्तू मुद्दाम जुनी केलेली असण्याची शक्यता अधिक. पिवळसर हिरव्या काचेचा एक प्रकार अतिनील प्रकाशात चमकतो. त्यात युरेनियमचा अल्प अंश असतो. अशी वस्तू शोभेपुरती ठेवावी, तिच्यातून खाणेपिणे टाळावे.

याहून अधिक सावधगिरी हवी ती रंगीत चिनी मातीबाबत. जुन्या भांड्यांवरील भडक रंगांत आणि झिलईत शिसे व कॅडमियम असू शकते. लोणचे, चिंच, दही अशा आंबट पदार्थांमुळे ते अन्नात उतरते. मिठाची झिलई दिलेली जाड दगडी सट या दृष्टीने निराळी आहे, कारण तिच्या झिलईत शिशाची गरज नसते. पण फुलाफुलांची नक्षी असलेल्या जुन्या वाडग्यात लोणचे मुरवू नये. ज्या भांड्याच्या झिलईवर केसासारख्या बारीक भेगा पडल्या आहेत, ते फार वेळ पाण्यात बुडवून ठेवू नये, कारण भेगांतून पाणी आत शिरते आणि डाग कायमचे राहतात.

या वस्तूंचे सर्वाधिक नुकसान अनेकदा त्यांना जपणाऱ्यांच्याच हातून होते. पेले रद्दी कागदात गुंडाळून, एकात एक घालून माळ्यावर ठेवले जातात. पावसाळ्यात कागद ओल धरतो. ती ओल काचेतील क्षार बाहेर ओढते आणि पृष्ठभागावर दुधी पडदा चढतो. क्षारयुक्त पाण्याचे डाग पातळ व्हिनेगरने निघतात, हा पडदा मात्र निघत नाही, कारण तेथे काचच झिजलेली असते. वस्तू सुट्या, कोरड्या आणि हवेशीर जागी ठेवाव्यात. धुताना कोमट पाणी व सौम्य साबण वापरावा, भांड्याखाली टॉवेल अंथरावा आणि सोनेरी कड घासू नये.

घरगुती वस्तूंना संग्रहालयात स्थान मिळू शकते, हे पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयाने दाखवून दिले आहे. दिनकर केळकर यांनी गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातील भांडी अशा हजारो वस्तू जमविल्या. ती ज्या काळात जमविली, तेव्हा त्यांतील कित्येक वस्तू इतरांच्या लेखी अडगळ होत्या. वस्तूबरोबर तिची माहितीही टिकावी यासाठी ती कोणाच्या लग्नात, कोणत्या साली आणि कोठून आली, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून चिठ्ठीवर लिहावे आणि चिठ्ठी वस्तूजवळ ठेवावी. बाजारात विकत घेतलेल्या फुलदाणीला अशी चिठ्ठी सहसा मिळत नाही.

संग्राहकांनी एका कायद्याची नोंद घेणे आवश्यक आहे. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमानुसार ऐतिहासिक किंवा कलात्मक महत्त्वाची, किमान १०० वर्षे जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते. अशा वस्तूच्या व्यापारासाठी परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. १९५० किंवा १९६० च्या दशकातील लेमन सेट या व्याख्येत बसत नाही. तळेगावच्या भट्टीतून अगदी सुरुवातीला निघालेली काच मात्र वयाची ही मर्यादा केव्हाच ओलांडून गेली आहे.