हिब्रू संदेष्ट्यांच्या साहित्यातील गर्विष्ठ राष्ट्रांचा न्याय : अश्शूरच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
यशया, यिर्मया व यहेज्केल या तिन्ही ग्रंथांत परराष्ट्रांविरुद्धच्या भविष्यवाण्यांची सलग प्रकरणे आढळतात. वरवर पाहता ती शत्रूला दिलेल्या शापांची संग्रहिका वाटते. तथापि त्यामागील न्यायाचा निकष तपासल्यास ती केवळ राष्ट्राभिमानातून निर्माण झालेली नाही, हे स्पष्ट होते.

साधन आणि गर्व :
इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरने शोमरोन जिंकून इस्राएलचे उत्तरेकडील राज्य संपविले. इ.स.पू. ७०१ मध्ये सन्हेरीबाने यहूदावर स्वारी केली; ४६ तटबंदीची नगरे घेतल्याचे त्याच्या कोरीव लेखात नमूद आहे. यशयाच्या १० व्या अध्यायात हाच अश्शूर देवाच्या हातातील काठी ठरतो. म्हणजे त्याची स्वारी ही देवानेच दिलेली शिक्षा होय. मग त्याचाच न्याय का व्हावा? कारण तो विजयाचे श्रेय स्वतःच्या बाहुबलाला व बुद्धीला देतो आणि शिक्षेची मर्यादा ओलांडून राष्ट्रांचा संहार योजतो. कुऱ्हाडीने ती चालविणाऱ्यापुढेच बढाई मारावी, तसा हा गर्व आहे.

समान निकष :
या अध्यायाचा आरंभ मात्र अश्शूरपासून होत नाही. अन्यायी कायदे करून विधवा व अनाथांना लुबाडणाऱ्या स्वकीय सत्ताधाऱ्यांचा धिक्कार तेथे आधी येतो. आमोसच्या ग्रंथात हे सूत्र अधिक ठळक आहे. दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन व मवाब यांच्या क्रौर्याचा पाढा वाचल्यावर तो यहूदा व इस्राएल यांनाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो. मवाबवरील आरोप अदोमच्या राजाची अस्थी जाळल्याचा आहे. या अपराधात इस्राएलची कोणतीही हानी झालेली नव्हती. तरीही तो दंडनीय मानला गेला.

सर्वच संदेष्ट्यांचा सूर असा नाही. इ.स.पू. ६१२ मध्ये बाबेल व मेदी यांच्या सैन्यांनी निनवे उद्ध्वस्त केले. नहूमच्या ग्रंथात या नगरीच्या विनाशाविषयी उघड हर्ष आहे. याउलट योनाच्या ग्रंथात पश्चात्ताप करणाऱ्या त्याच निनवेला क्षमा मिळते.

निष्कर्ष :
यशया व आमोस यांच्या मते दैवी न्यायाचे साधन होणे म्हणजे निर्दोष ठरणे नव्हे, आणि निवडलेली प्रजा असणे म्हणजे न्यायातून सूट मिळणे नव्हे. हा दुसरा सिद्धांत स्वजनांना ऐकविणे, हेच या संदेष्ट्यांच्या कार्याचे खरे कठीण अंग होते.