जनुकशास्त्र : कऱ्हाड ते मिरज

■ कुठे? कऱ्हाडचे कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय १९८४चे. २००५मध्ये अभिमत विद्यापीठ झालेल्या या संस्थेत (आताचे कृष्णा विश्व विद्यापीठ) रेण्वीय जीवशास्त्र व जनुकशास्त्राचा विभाग आहे. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२चे.

■ कधी? दोन्हीकडे एमबीबीएसच्या पहिल्याच वर्षी, शरीररचनाशास्त्रात गुणसूत्रे, आनुवंशिकतेचे प्रकार आणि समुपदेशनाची तत्त्वे शिकवतात. एमडीनंतर वैद्यकीय जनुकशास्त्रात डीएम करायला ३ वर्षे लागतात.

■ प्रयोगशाळेत: हेपॅरिनच्या नळीतले रक्त साधारण ७२ तास ३७ अंश सेल्सिअसला वाढवतात. कोल्चिसिनने पेशींचे विभाजन मध्येच थांबवतात, काचपट्टी गिम्सा रंगाने रंगवतात आणि गुणसूत्रे मोजतात. ४६ ऐवजी ४७ भरली आणि जादाचे गुणसूत्र २१ क्रमांकाचे निघाले, तर निदान डाऊन सिंड्रोमचे.

■ सोयरिकीआधी: मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे नवे नाही. सख्ख्या आते-मामेभावंडांची सरासरी एक अष्टमांश जनुके सामाईक असतात. त्यामुळे सदोष जनुकही सामाईक असू शकते; नवरा-बायको दोघेही थॅलेसेमियाचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. वाहक स्वतः ठणठणीत असतो; म्हणून पत्रिकेआधी रक्ततपासणी करावी.