खाशाबा जाधव : गहाण घरावर मिळालेले पदक

आपल्या मंडळातील सातारा-कोल्हापूरकडच्या मंडळींना खाशाबा जाधव हे नाव नवे नाही. मुलांना मात्र ते मुद्दाम सांगावे लागते. स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्यांनी मिळवून दिले : १९५२, हेलसिंकी, कुस्तीत कांस्य. तेव्हा आपल्या सिल्वासावर पोर्तुगीजांचा अंमल होता. मुक्तीला अजून दोन वर्षे होती.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, कराडजवळच्या गोळेश्वर गावातला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. खाशाबा अंगाने लहानखुरे, पण विलक्षण चपळ. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकचा त्यांचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तालमीच्या लाल मातीत तयार झालेल्या या पैलवानाला तिथे मॅटवर उतरावे लागले. पायाखालची जमीन परकी आणि नियमही निराळे. तरी फ्लायवेट गटात ते सहावे आले.

हेलसिंकीच्या वेळी पैशांचे कोडे पडले. लोकांनी वर्गणी काढली, पण ती पुरेना. शेवटी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे राहते घर गहाण ठेवून ७००० रुपये दिले. बँकेत असताना मी कर्जाचे अर्ज पुष्कळ पाहिले. घराचे तारण चांगलेच, पण ‘कर्जाचे कारण’ या रकान्यात प्राचार्यांनी काय लिहिले असते? ‘विद्यार्थ्याची कुस्ती’?

हेलसिंकीत ते बँटमवेट गटात लढले. एक दमछाक करणारी कुस्ती संपते न संपते तोच त्यांना पुढच्या कुस्तीला बोलावले, आणि विश्रांतीचा हक्क मागायला आपला एकही अधिकारी जवळ नव्हता, असे सांगतात. सुवर्ण जपानच्या इशीला, रौप्य सोव्हिएत मल्लाला मिळाले. गावी परतल्यावर १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मग खाशाबांनी कुस्त्या भरवल्या, स्वतः लढले आणि त्या पैशांतून प्राचार्यांचे घर सोडवले, असेही सांगतात. मला पदकाइतकीच ही परतफेड मोठी वाटते.

१९५५ मध्ये ते पोलिसात फौजदार झाले आणि सहायक आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही मरणोत्तर. भारताला पुढचे वैयक्तिक पदक १९९६ मध्ये, लिअँडर पेसने टेनिसमध्ये मिळवले. मध्ये ४४ वर्षे गेली.

सुट्टीत कराडकडे जाणे झाले तर गोळेश्वरला जरूर थांबा. त्यांच्या घराचे नाव ‘ऑलिंपिक निवास’ आहे.