मलय: ओळखीपुरती

क्वालालंपूरमध्ये कुणी 'आपा खबर?' विचारलं, की 'खबर बाईक' म्हणावं. पुढे 'नामा साया...' म्हणून नाव सांगावं. 'साया दारी इंडिया' म्हणजे मी भारतातला किंवा भारतातली; वाक्य एकच. क्रियापद काळानुसारही बदलत नाही: 'माकान' जेवणं, 'सुदाह माकान' जेवून झालं, 'आकान माकान' जेवणार. अनेकवचनासाठी बहुधा शब्द दोनदा: 'बुकु-बुकु', पुस्तकं.

इंग्रजी भाषकाला अडवणारी एक जोडी मराठी माणसाला मात्र आयती येते. ऐकणाऱ्याला धरून 'किता', त्याला वगळून 'कामी'. अगदी आपलं 'आपण' आणि 'आम्ही'. वडीलधाऱ्यांना 'आवाक', म्हणजे 'तू', म्हणू नये. अनोळखी असले तरी 'पाकचिक' किंवा 'माकचिक', म्हणजे काका किंवा मावशी, अशी हाक मारावी. तिथे ते रीतीला धरून आहे.