घोट्यावरची जखम भरत का नाही? उत्तर कधीकधी जनुकात असतं

पायाच्या घोट्याजवळ जखम होते. मलमपट्टी करून महिने जातात, पण ती भरत नाही. भरलीच तर पुन्हा उघडते. शुगर तपासली तर नॉर्मल. मग घरात सुरू होतं: पथ्य पाळलं नाही, कुणाची नजर लागली. पण अशा जखमेचं मूळ रक्तात, आणि त्याहीमागे जनुकात असू शकतं.

याचं एक दुर्मिळ उदाहरण म्हणजे लिव्हेडॉइड व्हॅस्क्युलोपॅथी. यात त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, त्वचेला रक्त मिळत नाही आणि खूप दुखणारे व्रण पडतात. ते भरले की पांढरे वण राहतात. काही रुग्णांत 'फॅक्टर फाइव्ह लायडेन' हा जनुकीय बदल सापडतो. रक्त गोठवणाऱ्या या प्रथिनाला थांबवायला शरीर ते ठरावीक जागी कापतं. इथे ती जागाच बदललेली असते. हा बदल १९९४ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडेन शहरात ओळखला गेला. युरोपात तो बऱ्यापैकी आढळतो, भारतात कमी.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात मात्र आधी आठवायला हवा तो सिकलसेल. विदर्भातल्या गोंड, कोलाम, परधान या आदिवासी समाजांत आणि इतर काही समाजांतही तो आढळतो. इथे हिमोग्लोबिनच्या जनुकात फक्त एक अक्षर बदलतं. ऑक्सिजन कमी झाला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून दोऱ्यांसारखं होतं, लाल पेशी विळ्यासारखी वाकते, कडक होते आणि बारीक वाहिनीत अडकते. शिवाय पेशी फुटून बाहेर आलेलं हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड संपवतं. वाहिन्या सैल ठेवणारा हा वायू घटला की त्या आवळतात. घोट्याजवळ कातडी पातळ, खाली चरबी कमी. तिथे साधं खरचटणंही महागात पडतं.

मग प्रत्येक सिकलसेल रुग्णाला व्रण का होत नाही? कारण दुसरी जनुकंही हात घालतात. बाळ पोटात असताना बनणारं 'गर्भ हिमोग्लोबिन' काहींमध्ये मोठेपणीही टिकतं आणि दोरे होऊ देत नाही. भारतीय रुग्णांत ते सहसा जास्त असतं. म्हणूनच जमैकाच्या तुलनेत आपल्याकडे असे व्रण कमी दिसतात. कमी, पण शून्य नाहीत.

म्हणून जखम रेंगाळली तर शुगर, फुगलेल्या शिरा, कुष्ठरोग यांच्यासोबत सिकलसेलचीही तपासणी करा म्हणून डॉक्टरांना विचारा. सॉल्युबिलिटी चाचणी फक्त 'आहे की नाही' सांगते. वाहक (एएस) की रुग्ण (एसएस) हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीनंतरच कळतं. वाहकाला सहसा त्रास नसतो. पण आई-बाप दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस असण्याची शक्यता २५ टक्के.

दोष पथ्याचा नाही, नजरेचा नाही, आणि सुनेचा तर नाहीच. एसएस मुलाला एक जनुक आईकडून येतं, एक बापाकडून.