स्वतःलाच पाठवलेला मेल

आलापल्ली गाव असो की मूल शहर, भरतीच्या दिवसांत झेरॉक्सच्या दुकानात घटकाभर टेकलं की एक वाक्य हमखास कानी पडतं : "भाऊ, माह्या मेलवर टाकून द्या ना." कोणाला काही पाठवायचं नसतं. टीसी, डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, सगळं स्वतःच्याच पत्त्यावर जमा करायचं असतं. पुढे नागपुरात कोणी मागितलं तर तिथल्या कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडता येतं.

हे दाखले हरवले तरी पुन्हा काढता येतात. खरी काळजी आजोबांच्या कागदाची. अनुसूचित जमातीच्या जात पडताळणीत १९५० पूर्वीच्या नोंदीला सगळ्यात जास्त वजन असतं. तो कागद म्हणजे बहुधा शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा. घडीवर फाटलेला, शाई तांबूस पडलेली, अन् घराण्यात एकच. दुकानदार तो पारदर्शक प्लास्टिकमध्ये सरकवून काचेवर ठेवतो आणि रंगीत स्कॅन घेतो, कारण काळ्या-पांढऱ्यात शिक्का डागांत मिसळतो. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडच्या बाजारपेठेत पाणी शिरतं. तिथं पत्र्याच्या पेटीपेक्षा मेल भरवशाचा, यात वाद नाही.

ही युक्ती जुनीच. एप्रिल २००४ मध्ये जीमेलनं १ जीबी जागा दिली, तेव्हा इतरांकडे मोजके एमबी मिळत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिचर्ड जोन्स या प्रोग्रामरनं 'जीमेल-एफएस' हे सॉफ्टवेअर काढलं, त्यानं मेलची पेटी चक्क डिस्कसारखी वापरता येई. मेलची व्यवस्था मुळात साध्या मजकुरासाठी. फाइल अक्षरांत बदलून पाठवावी लागते आणि ती सुमारे एक तृतीयांशानं फुगते. जीमेलवर एका मेलला २५ एमबीची मर्यादा. दाखल्यांना ती पुरून उरते.

अडचण वेगळीच. विषयाच्या जागी दुकानदार 'स्कॅन' एवढंच लिहितो, मग पेटीत 'स्कॅन'च 'स्कॅन'. एका मुलीनं मात्र 'आजोबा दाखल-खारीज निळा शिक्का' असं लिहायला लावलं. अशी शहाणी गिऱ्हाइकं थोडी. त्यात आता मिळणारी १५ जीबी जागा फोटो आणि ड्राइव्हसोबत वाटलेली. फोटोंचा बॅकअप ती गिळतो आणि पेटी भरली की नवे मेल येणंच थांबतं, हॉल तिकिटाचासुद्धा.

शिवाय खातं अनेकदा दुकानदारानंच काढून दिलेलं असतं. पासवर्ड म्हणजे नाव आणि पुढे एक-दोन-तीन, आणि खातं परत मिळवण्यासाठी नंबर दुकानाचाच! हा भाबडेपणा मला पुराहून धोक्याचा वाटतो. "पासवर्ड लिहून ठेवजो बाबू," असं दुकानदार बजावतो, बाबू मान हलवून बस पकडतो.

भरतीचा नाद सुटला की मेल उघडणंही सुटतं. दोन वर्षं न वापरलेलं खातं गुगल काढून टाकू शकतं, डिसेंबर २०२३ पासून तसा नियमच आहे. इकडे धाकट्या बहिणीच्या जात पडताळणीला आजोबांचा तोच उतारा लागणार असतो. म्हणून काही दुकानदार आता स्कॅन पाठवताना विचारतात, "घरातला दुसरा पत्ता सांग, त्यावरही टाकतो."