घटस्फोट, मुलांचा ताबा आणि वकिलाची निवड

आपल्या देशात आजारी मनुष्य ज्या मार्गाने वैद्याकडे जातो, बहुधा त्याच मार्गाने अडचणीत सापडलेला मनुष्य वकिलाकडे जातो. एखादा शेजारी, कचेरीतील सहकारी किंवा दूरचा आप्त एक नाव सुचवतो आणि दुसऱ्या दिवशी वकीलपत्रावर सही होते. सुचवलेल्या वकिलाने त्या आप्ताचा जमिनीचा दावा उत्तम चालवलेला असतो, यात शंका नाही. परंतु जमिनीच्या दाव्यातील दोन्ही पक्ष निकालानंतर एकमेकांचे तोंड पाहिले नाही तरी चालते. ज्यांना मूल आहे अशा पतिपत्नींना निकालानंतरही दहा-पंधरा वर्षे शाळेच्या फीबद्दल, सुटीबद्दल, तापाबद्दल एकमेकांशी बोलावेच लागते. वकिलाची निवड करताना हा भेद प्रथम ध्यानात घ्यावयास हवा.

भारतात विवाहविच्छेदाचा एकच कायदा नाही. हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांना १९५५ चा हिंदू विवाह कायदा लागू होतो. ख्रिस्ती विवाहांना १८६९ चा, पारशी विवाहांना १९३६ चा, मुस्लिम स्त्रीने मागितलेल्या विच्छेदाला १९३९ चा, आणि नोंदणी पद्धतीने झालेल्या विवाहांना १९५४ चा विशेष विवाह कायदा. या कायद्यांतील तपशील वेगवेगळे आहेत. उदाहरणार्थ, परस्पर संमतीने घटस्फोट मागण्यापूर्वी हिंदू दांपत्याने एक वर्ष विभक्त राहिलेले असावे लागते. ख्रिस्ती दांपत्यासाठी २००१ च्या दुरुस्तीने हीच मुदत दोन वर्षांची ठेवली. केरळ उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ती एक वर्षाची मानली. तेव्हा आपला विवाह ज्या कायद्याखाली झाला त्या कायद्याखालील प्रकरणे वकिलाने चालवली आहेत काय, हा पहिला प्रश्न होय. तो विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट पुष्कळांना ऐकून नवल वाटते. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १३ नुसार या न्यायालयात वकील देणे हा पक्षकाराचा हक्क नाही. न्यायाच्या दृष्टीने आवश्यक वाटल्यास न्यायालय एखाद्या कायदेतज्ज्ञाचे साहाय्य घेऊ शकते. आणि व्यवहारात अर्ज केल्यावर वकिलाला उपस्थित राहण्याची परवानगी बहुधा मिळतेही. पण कायदा करणाऱ्यांची दृष्टी यातून स्पष्ट दिसते. संसाराचे भांडण वादपटुत्वाने सोडवू नये, आधी समेटाचा प्रयत्न व्हावा, अशी त्यांची इच्छा होती. त्यासाठी कलम ९ ने न्यायालयावरच तसे कर्तव्य टाकले आणि समुपदेशकांची योजना झाली. समुपदेशकासमोर पतिपत्नींनाच बोलावे लागते. जो वकील या भेटींना निरर्थक सोपस्कार समजतो आणि आपल्या अशिलाला ‘तिथे काही बोलू नका’ एवढेच शिकवून पाठवतो, तो अशिलाचे हित करतो असे मला वाटत नाही. जेथे कौटुंबिक न्यायालय नाही, तेथे ही प्रकरणे जिल्ह्याच्या दिवाणी न्यायालयात चालतात आणि तेथील वातावरण अर्थातच निराळे असते.

पहिल्या भेटीस जाताना विवाहाचे प्रमाणपत्र किंवा लग्नपत्रिका व छायाचित्रे, मुलांचे जन्मदाखले, दोघांच्या उत्पन्नाची कागदपत्रे, स्त्रीधनाची यादी आणि घटनांची तारीखवार टिपणी न्यावी. ही टिपणी स्वतः लिहावी. लिहिताना आपल्याला गैरसोयीच्या गोष्टीही तीत घालाव्या. वकिलाला सांगितलेली गोष्ट त्याने अशिलाच्या संमतीवाचून उघड करू नये, असे बंधन १८७२ च्या पुरावा कायद्याने घातले होते आणि त्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ते कायम आहे. जी गोष्ट आपण वकिलापासून लपवतो, ती त्याला उलटतपासणीच्या दिवशी विरुद्ध पक्षाकडून कळते.

या भेटीत वकील किती बोलतो यापेक्षा तो काय विचारतो हे पाहावे. मुले कोठे राहतात, शाळेत कोण पोचवते, विभक्त होऊन किती काळ झाला, तडजोडीचा काही मार्ग उरला आहे काय, हे न विचारता जो सरळ फौजदारी तक्रारीचा मसुदा पुढे सरकवतो, त्याच्याबाबत सावध असावे. छळ खरोखर झाला असेल तर तक्रार करणे हा हक्कच आहे, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने संरक्षणही मिळते. परंतु केवळ दडपण आणण्यासाठी रचलेली तक्रार पुढे मुलाच्या ताब्याच्या सुनावणीत रचणाऱ्याच्याच अंगावर येते.

मानधनाविषयी एक नियम प्रत्येकाला ठाऊक असावा. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार खटल्याच्या निकालावर अवलंबून असणारे मानधन ठरवण्यास वकिलाला मनाई आहे. ‘पोटगीच्या रकमेतला इतका हिस्सा माझा’ असे म्हणणारा वकील नियमभंग करतो. तसेच त्याला धंद्याची जाहिरात करता येत नाही. संकेतस्थळावर नाव, पत्ता, पात्रता यांसारखी माहिती देण्याची मुभा मात्र २००८ पासून आहे. तेव्हा ‘हमखास घटस्फोट’ अशा पाट्यांवर विश्वास ठेवू नये. मानधन संपूर्ण प्रकरणासाठी एकरकमी आहे की प्रत्येक तारखेला वेगळे, मुद्रांक, टंकलेखन व कारकुनाचा खर्च त्यात धरला आहे काय, तात्पुरत्या पोटगीचा अर्ज आणि अपील यांचे काय, हे लेखी ठरवून घ्यावे. पैसे दिल्याची पावती मागावी. मागणे अशिष्टपणाचे नाही.

ज्यांना मानधन परवडत नाही त्यांच्यासाठी १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे. त्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया व मुले यांना, त्यांचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच बहुधा या प्राधिकरणाची कचेरी असते. अनेक सुशिक्षित स्त्रियाही केवळ माहिती नसल्यामुळे दागिने मोडून वकील करतात, हे दुर्दैव होय.

आता ताब्याविषयी. ‘मूल मिळवून देतो’ असे आश्वासन कोणताही प्रामाणिक वकील देणार नाही, कारण या प्रश्नात पित्याचा किंवा मातेचा हक्क निर्णायक नसतो. मुलाचे कल्याण निर्णायक असते. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यात आणि १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात हेच तत्त्व आहे. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे असावे असे दुसरा कायदा सांगतो, पण ‘सामान्यतः’ या शब्दाला अर्थ आहे. मूल समंजस असेल तर न्यायाधीश त्याची इच्छा विचारात घेऊ शकतात. १९९९ मध्ये गीता हरिहरन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, पिता हयात असतानाही माता नैसर्गिक पालक म्हणून वागू शकते, असा अर्थ लावला. आणि १९७३ च्या रोझी जेकब प्रकरणात स्पष्ट केले की ताब्याचे आदेश स्वभावतः तात्पुरते असतात. परिस्थिती बदलली तर ते बदलता येतात. म्हणून ताब्याच्या प्रकरणात पूर्ण विजय असा नसतोच.

अर्ज कोठे करावयाचा हाही चुकीला जागा देणारा प्रश्न आहे. पालकत्वाचा अर्ज मूल सामान्यतः जेथे राहते तेथील न्यायालयात करावा लागतो. पती कलकत्त्यात, पत्नी नागपुरात आणि मूल आजोळी भोपाळला, अशी स्थिती आज दुर्मीळ नाही. अशा वेळी मुलाला रातोरात दुसऱ्या गावी हलवण्याचा सल्ला काही वकील देतात. तो सल्ला मानू नये. न्यायालय अशा वागण्याकडे बारकाईने पाहते, आणि मुलाची शाळा, मित्र, अंथरूण एका रात्रीत सुटते ते वेगळेच. चांगला वकील याच्या उलट करतो: भेटीचे दिवस, सणांच्या सुट्या, दूरध्वनीवरील बोलणे, आजारपणात दोघांनाही कळवणे, शिक्षणाचा खर्च, या सर्वांचा तपशील तो पहिल्याच मसुद्यात घालतो. ‘भेटण्याची मुभा राहील’ एवढ्या मोघम वाक्याने भांडण संपत नाही, ते प्रत्येक रविवारी नव्याने सुरू होते.

परस्पर संमतीच्या अर्जात पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते. ही अट योग्य प्रकरणात शिथिल करता येते असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवले. हुकूमनामा होईपर्यंत कोणाही एका पक्षाला संमती मागे घेता येते, हे मात्र विसरू नये. रकमेची देवघेव कोणत्या टप्प्यावर व्हावी, हे म्हणून वकिलाच्या मदतीने नीट ठरवावे लागते.

वकील बदलण्याची वेळ आलीच तर? अशिलाला तो अधिकार आहे. न्यायालयाच्या परवानगीने जुने वकीलपत्र रद्द करून नवे दाखल करता येते. जुना वकील थकलेल्या मानधनासाठी कागदपत्रे अडवून ठेवू शकत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिला. त्याला मानधनासाठी वेगळा दावा करता येतो. गैरवर्तनाची तक्रार राज्याच्या बार कौन्सिलकडे करावी लागते. ग्राहक न्यायालयाचा मार्ग २०२४ मधील निर्णयाने बंद झाला आहे. तरीही दोन तारखा पडल्या म्हणून वकील बदलू नये. तहकुबी पुष्कळदा न्यायाधीश रजेवर असल्यामुळे किंवा यादी लांबल्यामुळे होते, आणि पुढची तारीख व त्या दिवशीची नोंद आता न्यायालयांच्या संकेतस्थळावर पक्षकाराला स्वतः पाहता येते.

निकाल लागल्यावर हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत मागून घ्यावी, अपिलाची मुदत केव्हा संपते हे विचारावे आणि ती संपण्यापूर्वी पुनर्विवाह करू नये. त्याच भेटीत मुलांचे मूळ जन्मदाखले वकिलाच्या फायलीतून परत आणावे. जूनमध्ये शाळेत ते लागतात.